'एलेनाखचा जाळ' – चिरफाड करून हवी आहे (मध्य-पृथ्वी, लघु फॅनफिक्शन)

कोजागरी

'एलेनाखचा जाळ'वर 'छान', 'आवडली', 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) असे बरेच प्रतिसाद आले. सगळ्यांचे मनापासून आभार. पण कथा मला पुन्हा लिहायची आहे आणि 'छान'वरून नेमकं काय बदलायचं ते कळत नाही. म्हणून हा वेगळा धागा. हातचं राखू नका, राग येणार नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फॅनफिक्शन, म्हणजे दुसऱ्या लेखकाच्या जगात चाहत्याने लिहिलेली गोष्ट. ही टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मध्य-पृथ्वीवरची बाराशे शब्दांची कथा आहे. गॉन्डोरच्या राज्यावर संकट येतं तेव्हा शेजारच्या रोहानची मदत मागायला डोंगरांच्या माथ्यांवर एकामागून एक जाळ पेटतात. त्यातल्या एलेनाखवरचा म्हातारा राखणदार हा माझा नायक. आधी त्याच्या बापाने आणि मग त्याने आयुष्यभर सरपणाची रास सांभाळली, पण पेटवायची वेळ कधी आली नाही. एका पावसाळी रात्री जादूगार गॅन्डाल्फ घोड्यावरून येतो, "पेटव" म्हणतो. सरपण ओलं. खटपट करून जाळ पेटतो. मग म्हातारा अंगणात बसून पाइप ओढतो, खालच्या जंगलातून रानमाणसांचं एक पोर येतं, दोघं न बोलता शेकत बसतात. शेवटचं वाक्य: 'त्या रात्री त्याला आयुष्यात पहिल्यांदा ऊब मिळाली.'

कुठे कंटाळलात आणि कुठे विश्वास बसला नाही, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ.

रिकामटेकडा

'राग येणार नाही' असं लिहिणाऱ्यांचे राग या स्थळाने पाहिले आहेत. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कथा आवडली होती. पुलेशु. (सवय जात नाही.)

तपशीलतपासे

लेखी अभय मिळालंय, तर करतो सुरुवात.

पाइप. गॉन्डोरमध्ये कुणी पाइप ओढत नाही. ती वनस्पती तिथे भरपूर उगवते, पण लोकांना तिच्या फुलांच्या वासाचं कौतुक, बाकी काही नाही. ओढायची टूम हॉबिटांची, त्या बुटक्या लोकांची. तुमचा म्हातारा डोंगर सोडून कधी कुठे गेला नाही असं तुम्हीच लिहिता, मग हे व्यसन त्याला लावलं कुणी?

"राजाची आज्ञा आहे." कुठला राजा? तिसऱ्या युगाच्या २०५० साली राजा एआर्नूर आव्हान स्वीकारून शत्रूच्या मिनास मोर्गुलला गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून कारभारी राज्य चालवतात. तुमची कथा ३०१९ मधली, म्हणजे ९६९ वर्षं गादी रिकामी आहे.

पाऊस. त्या रात्री पुस्तकात चांदणं आहे, चंद्र जवळजवळ पूर्ण.

अंगण. एलेनाखचा माथा टोकदार, वर जागाच नाही. मोठा जाळ तिथे करता येत नाही म्हणून तर पुढचा डोंगर नार्डोल महत्त्वाचा. हे 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये (१९८०) टिपेत आहे, मूळ कादंबरीत नाही, त्यामुळे नजरेतून सुटणं साहजिक आहे.

म्हातारा एकटा. या ठाण्यांवर निरोप्यांसाठी ताजे घोडे कायम तयार असत. घोडे आले की मोतद्दार आला. अगदी एकटा कसा असेल?

आणि सगळ्यात मोठी: गॅन्डाल्फ सांगतो म्हणून जाळ पेटतो. पुस्तकात उलट आहे. जाळ आधीच पेटलेले आहेत आणि ते लांबून बघून गॅन्डाल्फ घोडा आणखी दामटतो. तो एलेनाखखालून जाईल तो पेटल्यानंतर.

शुद्धलेखन उत्तम. कथा बरी.

उंबरठा

बापरे. मी पुस्तकं वाचलेली नाहीत, फक्त सिनेमे पाहिलेत, आणि वरचं वाचून माझा धीरच सुटला. मला कथा आवडली होती! ओलं सरपण पेटत नाही तो भाग वाचताना मी श्वास धरला होता. सिनेमात पिपिन हा हॉबिट चोरून वर चढतो आणि जाळ लावतो, मग डोंगरामागून डोंगर उजळत जातात, ते दृश्य डोळ्यांपुढे होतं. तेव्हा मनात आलं होतं, त्या प्रत्येक माथ्यावर माणूस असणार ना? कोण असतील ते? ही कथा म्हणजे त्याचंच उत्तर वाटलं.

कंटाळा सुरुवातीला आला. गॉन्डोरचा इतिहास, पांढरा वृक्ष, सात तटांचं शहर. सिनेमा पाहिलेल्याला ते माहीत आहे आणि न पाहिलेल्याला तीन परिच्छेदांत ते कळणार नाही.

माझ्यासारखीने अभिप्राय द्यावा की नाही ते माहीत नाही.

समासवाला

उंबरठाताई, द्यावाच. धाग्यावरचा आतापर्यंतचा सर्वांत उपयोगी प्रतिसाद तुमचा आहे. कथा ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न तुम्ही लिहिलात. तो लेखिकेलाही इतका सरळ मांडता आला नव्हता (कोजागरी, गोषवारा पुन्हा वाचून बघा).

आता माझं. लांबण लागेल.

तपासेंची यादी अचूक आहे, पण यादीत सगळ्या चुका एकाच वजनाच्या दिसतात आणि लेखक नेमका तिथे गांगरतो. मी प्रत्येक चुकीपाशी एकच बघतो, ती काढली तर कथेतलं काय कोसळतं. पाइप काढा, काहीही कोसळत नाही. पाऊसही तसाच, सरपण हिवाळ्यातल्या ओलीने भिजलंय म्हटलं की झालं. 'राजाची आज्ञा' तर मी ठेवा म्हणेन. कारभारी सत्ता हाती घेताना 'राजा परत येईपर्यंत' अशीच शपथ घेतात. पिढ्यान्पिढ्या डोंगरावर बसलेला माणूस त्या जुन्या शपथेच्या भाषेत बोलत असेल, तर त्यातून त्याची जातकुळी कळते. फक्त ते अनवधानाने आलेलं नाही, मुद्दाम आहे, याची खूण कुठेतरी हवी. खाली ठाण्यावरचा पोरगा त्याला हसतो, एवढीसुद्धा पुरे.

गॅन्डाल्फ मात्र काढायलाच हवा. पुस्तकाशी जुळत नाही हे कारण माझ्या लेखी दुय्यम आहे. तो तुमच्या म्हाताऱ्याचा एकमेव क्षण खाऊन टाकतो. या माणसाच्या आयुष्यात करण्यासारखं एकच काम आहे आणि ते करायची वेळ आली की एक जगप्रसिद्ध जादूगार येऊन "कर" म्हणतो. मग निर्णय म्हाताऱ्याचा राहिलाच कुठे? त्याला काढलंत की काय उरतं बघा. म्हाताऱ्याला पूर्वेला, साखळीतल्या आधीच्या आमोन दीन डोंगरावर ठिणगी दिसते. खरी आहे का? कुणी शेकोटी केली असेल? डोळे जुने झालेत. चुकून पेटवला तर पुढचे पाचही डोंगर पेटणार आणि अख्खं रोहान घोड्यावर बसणार. नाही पेटवला आणि ठिणगी खरी असली तर साखळी याच्यापाशी तुटणार. विचारायला कुणी नाही. कथा इथे आहे. तुमच्या बाराशे शब्दांत हा क्षण अर्ध्या वाक्यात उरकलाय आणि ओल्या लाकडांना चारशे शब्द दिलेत.

फॅनफिक्शन लिहिणाऱ्यापाशी एक भांडवल असतं जे स्वतंत्र कथा लिहिणाऱ्यापाशी नसतं. वाचक अर्धी गोष्ट डोक्यात घेऊनच येतो. त्याला गॉन्डोरची राजधानी मिनास तिरिथ दाखवायला लागत नाही, नुसतं नाव घेतलं तरी दिसतं. लघुकथेत हे फार मोलाचं आहे. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथा-चाहत्यांनी बरोबर शंभर शब्दांच्या कथेचा खेळ सुरू केला, ड्रॅबल म्हणतात त्याला. तो फॅनफिक्शनमध्ये इतका रुजला त्याचं कारण मला हेच वाटतं. शंभर शब्दांत जग उभं करता येत नाही, पण उभ्या जगात एक दार उघडता येतं. तुमचे पहिले तीनशे शब्द हे भांडवल वापरत नाहीत, वाचकाला त्याचंच सामान परत मोजून दाखवतात. पहिली ओळ सरळ सरपणावर घ्या.

रिकामटेकडा

समासवाल्यांचा प्रतिसाद कथेपेक्षा मोठा होतो की काय, अशी पैज लावणार होतो. थोडक्यात वाचलो.

चकवा

एक वेगळा मुद्दा. फॅनफिक्शनच्या जगात न मागता टीका करायची नाही असा संकेत बऱ्याच ठिकाणी पाळतात. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा मोठा संग्रह २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तिथे आवडलं की कुडोसचं (शाबासकीचं) बटण दाबा, बोलावंसं वाटलं तर प्रेमाने बोला, आणि सुधारणा हव्या असतील तर लेखकच टिपेत तसं लिहितो, अशी रीत आहे. लोक हौसेने, फुकट, एकमेकांसाठी लिहितात. त्यांना परीक्षेला बसवू नये, हा विचार मला पटतो. या संग्रहाला २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला तो अशा बिनपगारी, बिननावाच्या लिहिणाऱ्यांच्या जोरावर.

इथे कोजागरीने स्वतः मागितलंय म्हणून ठीक. पण तपासेसाहेब, तुमची यादी कथेच्या मूळ धाग्यावर, न मागता आली असती, तर नवा लेखक पुन्हा फिरकला नसता.

आणि एक गंमत: हा म्हातारा 'मेरी स्यू' आहे असं मूळ धाग्यावर कुणीतरी लिहिलंय. कसा काय? १९७३ मध्ये पॉला स्मिथने 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या नियतकालिकात ती मेरी स्यू रंगवली, ती साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट. सगळे तिच्यावर फिदा आणि तिला सगळं येतं. ते विडंबन होतं. इथला म्हातारा डोंगरावर लाकडं रचतो. नावडलेल्या प्रत्येक पात्राला हा शिक्का मारायचं थांबवा बुवा.

तपशीलतपासे

चकवा, मागितलं म्हणूनच लिहिलं. न मागता मी कुडोससुद्धा देत नाही.

उंबरठा, गैरसमज नको. सिनेमाला धरून लिहायला माझी काही हरकत नाही. २००३च्या सिनेमात जाळ पिपिनच लावतो आणि ते दृश्य भव्य आहे. फक्त वर एका ओळीत 'सिनेमाप्रमाणे' की 'पुस्तकाप्रमाणे' ते लिहा. कोजागरीच्या कथेत डोंगरांची नावं आणि क्रम पुस्तकातला, जाळाचा थाट सिनेमातला आणि गॅन्डाल्फचा निरोप कशातलाच नाही. वाचक मग कुठल्या जमिनीवर उभा राहणार?

आडवाट

सगळे जाळाकडे बघताहेत. मी जंगलाकडे बघतो.

एलेनाख ज्या जंगलातून वर येतो ते द्रुआदान. तिथे रानमाणसं राहतात, त्यांचा म्होरक्या घान-बुरी-घान. रोहानचं सैन्य मिनास तिरिथकडे जाताना याच एलेनाखच्या पायथ्याला, पाइनच्या झाडांत मुक्कामाला असतं आणि हा म्होरक्या राजा थेओडेनपुढे येऊन बसतो. मोडकीतोडकी भाषा बोलतो. घोडेस्वारांना वाटतं, याला काय कळणार. तर तो म्हणतो, आकाशातले तारे आणि झाडाची पानं मोजणारे लोक आहोत आम्ही, आणि स्वारांचा आकडा सांगून मोकळा होतो. वीस विसा, दहा आणि पाच वेळा. वीस गुणिले वीस चारशे, पंधरा वेळा म्हणजे सहा हजार. बरोब्बर. पुढे रस्त्यावर शत्रूचे ऑर्क किती आहेत तेही त्याला माहीत आणि गॉन्डोरचे लोक केव्हाच विसरलेला, दगड वाहणाऱ्या गाड्यांचा जुना रस्ताही त्यालाच माहीत. तो रस्ता दाखवतो म्हणून सैन्य वेळेवर पोचतं.

आता तुमचं पोर. ते 'मोठ्या निरागस डोळ्यांनी' जाळाकडे बघतं. कोजागरी, ज्या लोकांचा म्होरक्या अंधारात फौज मोजतो त्यांचं पोर निरागस डोळ्यांनी बघेल की लाकडं मोजेल? 'जंगलातला मूक, भोळा, शहाणा माणूस' ही आयती आकृती आहे. मूळ लेखकाने, निदान या प्रसंगात, तीही बरीचशी मोडली आहे. तुम्ही ती पुन्हा जोडलीत.

खरा मुद्दा पुढे आहे. घान-बुरी-घान रस्ता दाखवायच्या बदल्यात काय मागतो? सोनं नाही, जमीन नाही. युद्धातून जगला-वाचलास तर रानमाणसांना त्यांच्या जंगलात सुखाने राहू दे आणि जनावरासारखी त्यांची शिकार करू नकोस. ही अट तो रोहानच्या राजाला घालतो.

मग तुमच्या म्हाताऱ्याने पेटवलेला जाळ कुणाला बोलावतोय?

गॉन्डोरच्या बाजूने पाहिलं तर तो मदतीची हाक आहे. जंगलाच्या बाजूने पाहिलं तर माणसांची शिकार करणाऱ्यांना दिलेलं आमंत्रण आहे, तेही त्यांच्याच डोंगराच्या टोकावरून. ते पोर शेकायला येईल? माझ्या मते ते हा प्रकार काय आहे ते बघायला येईल, आणि त्याला घरच्यांनी पाठवलेलं असेल. म्हाताऱ्याला यातलं काही ठाऊक नसेल. तो आयुष्यभर पूर्वेकडे डोळे लावून बसला, पायाखाली कोण राहतं ते त्याने कधी विचारलं नाही.

युद्धानंतर गॉन्डोरचा नवा राजा ॲरागॉर्न ते जंगल त्या लोकांना कायमचं देऊन टाकतो आणि त्यांच्या परवानगीशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही अशी दवंडी पिटवतो. वाचकाला हे माहीत आहे. म्हणजे म्हाताऱ्याची चौकी त्या परवानगीच्या पलीकडे जाणार, हेही त्याला माहीत आहे. समासवाला म्हणतात ते भांडवल हेच. तुमची कथा अशा जागी उभी आहे आणि तुम्ही तिथे 'ऊब' लिहून निघून गेलात.

समासवाला

आडवाट, दंडवत. हे मला सुचलं नव्हतं.

तपशीलतपासे

दुरुस्ती नाही, पुस्ती: ही शिकार नेमकी कुठल्या जंगलात होत होती ते तिथे स्पष्ट नाही. अट थेओडेनपुढे ठेवली आहे एवढं पक्कं. त्यामुळे 'याच जंगलात शिकार व्हायची' असं ठामपणे लिहू नका. पोराच्या घरात त्या गोष्टी सांगितल्या जातात, असं लिहिलं तर मी तक्रार करणार नाही.

आणि अरुंद माथ्याचा मुद्दा मी चूक म्हणून लिहिला होता, पण आडवाटांच्या प्रतिसादानंतर तो वेगळाच दिसतोय. वर जाळ आणि माणूस दोघांना पुरेल एवढी जागा नाही. पेटवला की धगीने खाली उतरावंच लागणार. खाली म्हणजे जंगलात.

चकवा

हे म्हणजे चूक दाखवता दाखवता तपासेंनी कथानक दिलं. अशीच सांगा ना चूक! 'अंगण नाही' म्हटलं की लेखक खोडरबर शोधतो, 'जागा नाही म्हणून खाली उतरावं लागेल' म्हटलं की तो पेन उचलतो.

उंबरठा

आडवाट यांचं वाचून अंगावर काटा आला. पण एक विचारू? हे सगळं कथेत घातलं तर माझ्यासारखीला कळेल का? मला घान-बुरी-घान कोण ते आत्ता कळलं. सिनेमात तो बघितल्याचं मला आठवत नाही.

समासवाला

नाहीच आहे, मुख्य सिनेमात तो प्रसंग गाळलाय. प्रश्न मात्र चांगला आहे. माझं मत: ज्याला माहीत आहे त्याला जास्त मिळावं, ज्याला माहीत नाही त्याला कमी मिळावं, पण कुणी रिकाम्या हाताने जाऊ नये. पोर जाळाकडे पाठ करून पश्चिमेच्या रस्त्याकडे बघत बसलं, तर तुम्हाला एवढं कळेल की याला कशाची तरी भीती आहे आणि ती म्हाताऱ्याला दिसत नाहीये. पुस्तक वाचलेल्याला ती कसली तेही कळेल. दोघांच्याही पदरात कथा पडते. अडचण होते ती लेखक तळटीप कथेत घालतो तेव्हा.

कोजागरी

सगळं वाचून मग लिहायला बसले.

गॅन्डाल्फ जातोय. त्याला का आणलं होतं तेही सांगते. ओळखीचं एकही पात्र नसेल तर लोक फॅनफिक्शन म्हणून वाचणार नाहीत अशी धाकधूक होती. उंबरठा, तुमच्या 'कोण असतील ते?'ने ती गेली. खालच्या रस्त्यावरून एक पांढरा घोडा भरधाव पूर्वेला जातो एवढं ठेवेन, आणि म्हाताऱ्याला तो कुणाचा ते कळणार नाही.

सुरुवातीचे तीनही परिच्छेद उडवले.

काही गोष्टी मी बदलणार नाही. दोघं बोलत नाहीत, हे तसंच राहील. आडवाट, तुमचा मुद्दा घेतला, पण पोराला एकही वाक्य दिलं तर ते प्रवक्ता होऊन बसेल आणि मला ते नको आहे. ते मोजेल. बोटांवर, लाकडं, मग जाळ, मग ठाण्यातले घोडे. म्हाताऱ्याला वाटेल खेळतंय.

एकटेपणही ठेवतेय, पण वेगळ्या तऱ्हेने. पायथ्याला मोतद्दार पोरगा आहे आणि घोडे आहेत. तपासे, पुस्तकात जाळ पेटल्यावर तीन स्वार चांदण्यातून पश्चिमेकडे सुसाट जातात ना? ते इथे घोडे बदलून जातील. त्यांच्याबरोबर मोतद्दारही. त्यानंतर म्हातारा एकटा.

'ऊब'चं काय करायचं ते अजून ठरत नाही.

तपशीलतपासे

हो, तीन स्वार, गॅन्डाल्फच्या घोड्याच्या, शॅडोफॅक्सच्या खिंकाळण्याला त्यांच्या घोड्यांनी उत्तर दिलेलं आहे. मदतीच्या हाकेची खूण म्हणून लाल बाण घेऊन थेओडेनकडे जाणारा गॉन्डोरचा निरोप्या हिर्गॉन त्या तिघांत होता की नाही ते पुस्तक सांगत नाही. ती जागा मोकळी आहे, हवी तर घ्या. परतीच्या वाटेवर त्याला ऑर्क मारतात. त्याचा देह सापडतो तेव्हा बाण हातातच असतो.

समासवाला

घ्याच. पण नाव न घेता. म्हातारा एका स्वाराला चामड्याची पाण्याची पिशवी देतो आणि "येताना परत दे" म्हणतो. बस. वाचलेला वाचक तिथे थांबेल.

'ऊब'चं वाक्य माझ्या मते कापा. त्याच्या आधीच्या वाक्यावर कथा संपलेली आहे.

चकवा

माझा विरोध. सगळ्याच लघुकथा आता अधांतरी तोडायची फॅशन झाली आहे. म्हातारा आयुष्यभर कुडकुडलाय, त्याला शेवटी जरा ऊब मिळाली तर काय बिघडतं? वाचकालाही मिळते. आडवाट आणि समासवाला मिळून कथा इतकी कडक करतील की कोजागरीची कथा त्यांची होऊन बसेल. अभिप्राय देणाऱ्याने स्वतःची कथा स्वतः लिहावी.

आडवाट

चकवा यांच्याशी अर्धा सहमत. ऊब राहू द्या, पण 'आयुष्यात पहिल्यांदा' काढा. ते वाक्य तेवढ्यानेच गळा काढतं.

रिकामटेकडा

आता पॉपकॉर्न संपले म्हणून कामाचं बोलतो.

कथेतल्या सरपणावर माझा विश्वास बसला नाही. लाकूड ओलं असलं की सुरुवातीची धग त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, धूर होतो, ज्योत धरत नाही, हे लिहिलंय ते बरोबर. पण हे तुम्हाआम्हाला. जो माणूस जन्मभर एकच रास सांभाळतोय त्याला हे ठाऊक नसेल? आणि भोवती पाइनचं जंगल. पाइनच्या बुंध्यात, जुन्या खोडक्यात राळ साठून जो गाभा बनतो त्याच्या ढलप्या ओल्या हवेतही पटकन पेट घेतात. असा माणूस त्या ढलप्या कोरड्या जागी, झाकून, दरवर्षी नव्या करून ठेवेल. त्याचा बाप त्याला पहिली गोष्ट तीच शिकवेल. चारशे शब्द चकमक झाडत बसणारा राखणदार म्हणजे कामचुकार राखणदार.

उंबरठा

अहो पण मला तोच भाग आवडला होता!

रिकामटेकडा

तुम्हाला पेटेल की नाही ही धाकधूक आवडली. ती पेटवावं की नाही यात नेली तर जास्त आवडेल. काडी टाकली की लगेच भडकणार आहे आणि हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच हात थांबतो. विझवता येणार नाही.

समासवाला

रिकामटेकडा, तुम्ही इतके दिवस नुसते पुलेशु वाटत होतात?

कोजागरी

सरपण कोरडं. ठरलं. नवी सुरुवात टाकते, कच्ची आहे:

'राळेच्या ढलप्या त्याने उन्हाळ्यातच बदलल्या होत्या. बाप म्हणायचा, रास एक वेळ ओली चालेल, ढलपी नाही. बाप गेला त्या वर्षी त्याने पहिल्यांदा त्या स्वतः कापल्या, आणि तेव्हापासून दर वर्षी जुन्या ढलप्यांवर स्वयंपाक केला. पूर्वेला आमोन दीनच्या माथ्यावर काहीतरी लाल होतं.'

उंबरठा

जुन्या ढलप्यांवर स्वयंपाक! हे राहू दे.

आडवाट

शेवटचं वाक्य फार लवकर आलं. ढलप्या अजून दोन ओळी चालतील.

चकवा

मला आत्ताच आवडलं. लवकर आलं म्हणूनच.

तपशीलतपासे

'काहीतरी लाल' चालेल, पण चंद्राचा विचार करा. त्या रात्री तो नुकताच वर येतोय, पूर्वेला. एलेनाखवरून बघणाऱ्याला आमोन दीन पूर्वेकडेच आहे. म्हणजे ठिणगी आणि उगवता चंद्र एकाच दिशेला. क्षितिजाजवळचा चंद्र तांबूस दिसतो. जुन्या डोळ्यांच्या माणसाला ते लाल नेमकं कशाचं, हे कळायला वेळ लागेल. आणि चंद्र वर सरकेपर्यंत थांबायला त्याला सवड नाही.

कोजागरी

हे घेतलं. बाराशेत बसत नाही आता.

रिकामटेकडा

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).